कुजबुजून टाकलेला मंत्र

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासरे आणि सून बसले होते.

“सूनबाई, काल जादूगारांच्या त्या पटावरच्या खेळात तू माझा अग्निमंत्र अडवलास, ते नियमात बसत नाही.”

“का बरं, बाबा?”

“ऐकू आलेला मंत्रच अडवता येतो. म्हणून तर माझा जादूगार कुजबुजला. चांगली पळवाट शोधली होती मी.”

“तुमची कुजबुज ऐकून शेजारच्या काकू आल्या, आग कुठे लागली विचारत!”

“काहीतरीच!”

“म्हणूनच म्हणते, कानाला मशीन लावून घ्या.”

“माझ्या कानांना काय धाड भरलीय?”

“आजोबा, आत या,” नर्सने हाक मारली.

“मला नाही काही ऐकू आलं.”

“नाही ना आलं? मग अडवताही येणार नाही. उठा.”