न्हाणीघराचा उतार

प्वेब्लाच्या तक्रार कार्यालयात बासिलिओचा नंबर त्या म्हाताऱ्या बाईच्या मागेच होता. बाई खिडकीतल्या कारकुनाशी तावातावानं बोलत होती.

"उतार उलटा काढलाय मेल्यानं. अंघोळ केली की पाणी थेट पलंगाखाली!"

"एउलालिया आजी, गवंडी उद्याच फरशी उखडून नवी बसवायला तयार आहे. सही करा, झालं."

"उद्या? उद्या कशाला?"

"अहो, चार वेळा तक्रार केलीत ना तुम्ही!"

"केली. पण काम तीन मेनंतर करायचं, असं लिही."

"अजून महिना आहे, आजी. तोवर पाण्याचं काय?"

"पुसते मी. तीन तारखेला गवंड्यांचा सण ना? क्रूसाला फुलं बांधतात, मालकिणीकडे जेवतात."

"ते काम चालू असलेल्या घरी."

"मग मी काय म्हणतेय? फरशी दुरुस्त झाली की माझ्याकडचं काम संपलं."

बासिलिओनं घड्याळाकडे बघणं सोडून दिलं आणि मागूनच आजीला विचारलं,

"गेल्या वर्षी किती जण होते जेवायला?"

"पाच. कोंबडीचा मोले रस्सा दोनदा मागून घेतला. शेजारणीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या."

"परत केल्यात का?"

"कशाला? परत लागतीलच की."