डोंगराच्या पायथ्याचे दगड

भूगोलात भ्यायचं काय असतं म्हणता, म्हणून सांगतो. कॉलेजच्या वीस पोरींना घेऊन मी फर्दापूरजवळ गेलो होतो. ओढा डोंगरातून सपाटीला उतरतो तिथं त्यानं आणलेले दगडगोटे पंख्यासारखे पसरतात, ते दाखवायचं होतं. तिथंच कोरड्या पात्रात डबे उघडून बसलो. डोक्यावर ऊन होतं.

एक मेंढपाळ घाईघाईनं खाली आला. "सर, पोरींना उठवा. वरी डोंगरात पाऊस पडायलाय."

मी म्हणालो, "दादा, हे दगड हजारो वर्षांत हळूहळू आलेत."

"हळूहळू नाय, सर. एका दमात येतेत."

तो इतक्या शांतपणे बोलला की मी डबा तसाच टाकून उठलो. पोरींना काठावर पळवलं. मोजल्या, तर एकोणीस. रुखसाना चपलेसाठी मागं फिरली होती. वरून दगड घरंगळल्याचा आवाज येत होता आणि माझे पाय उचलेनात. मेंढपाळच धावला, तिला दंडाला धरून ओढत आणलं. मागोमाग गढूळ लोंढा आला. आम्ही जेवत होतो तिथं बैलाएवढे धोंडे येऊन पडले.

मी हात जोडले. तो लोंढ्याकडंच बघत होता.

"मागल्या साली माझी लेक तिथंच बसली व्हती," म्हणाला.