कासवं मी दिली!

...आणि वर मलाच सांगतात, "जागेचा प्रश्न होता हो!" जागेचा! अहो, अकरा वर्षं त्या मासिकाची प्रुफं तपासून तपासून ज्यानं स्वतःच्या चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, त्या माणसाच्या एका गोष्टीला जागा नाही? थांबा, आधी शपथ घेतो. तुम्हाला सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, एक अक्षर पदरचं नाही. म्हणजे... एके ठिकाणी आहे थोडंसं पदरचं, पण ते तुम्हाला सापडायचं नाही आणि शेवटी मीच सांगणार आहे, तेव्हा बिनघोर ऐका.

मासिक म्हणतो खरं, पण निघतं तीन महिन्यांनी. प्रती पाचशे. बरं, तीनशे. कचेरी म्हणजे इस्त्रीच्या दुकानावरची खोली. खालून सारखी वाफ येते, त्यामुळे थंडीत लेखक फार येतात. संपादक भूगोलाचे निवृत्त मास्तर. हस्तलिखित हातात दिलं की नकाशासारखं उलटंसुलटं करून आधी उत्तर कुठे ते बघतात. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात दांड्या पिळतो आणि संध्याकाळी तिथं. प्रुफं माझी, आणि शेवटचं पान माझं. शेवटचं पान म्हणजे 'या अंकाचे लेखक', प्रत्येकाच्या नावापुढे परिचयाच्या दोन ओळी.

आता ही मंडळी स्वतःबद्दल काय लिहून पाठवायची, माहितीये? आमच्या कवयित्रीबाई : 'विमा कचेरीत सतरा वर्षे नोकरी. आवड : वाचन.' आमचा चित्रकार, दुकानांच्या पाट्या रंगवतो, म्हणून सगळे त्याला पाटीवाला म्हणतात : 'पाट्या रंगवतो. आवड : वाचन.' अरे, सगळ्या जगाला वाचनाची आवड आहे, तर मग आमच्या अंकांचे गठ्ठे माझ्या पलंगाखाली का?

एकदा प्रुफं बघता बघता मला काय झालं कोण जाणे, बाईंच्या नावापुढे लिहिलं, 'यांनी तीन कासवं पाळली आहेत. प्रत्येक कविता त्या आधी कासवांना वाचून दाखवतात. कासवानं मान आत घेतली, की कविता फाडून टाकतात.' आणि पाटीवाल्यापुढे, 'हे एका पायावर उभं राहिल्याशिवाय चित्र काढत नाहीत.' छापलं!

बाई तरातरा जिना चढून आल्या. "हे काय लिहिलंत? मला साधी मांजर सहन होत नाही! कचेरीत साहेब विचारतात, कासवं कशी आहेत? काय सांगू?"

म्हटलं, "बरी आहेत म्हणून सांगा."

पण पत्रं आली हो! इतक्या वर्षांत त्यांच्या कवितेवर एक पत्र आलं होतं, तेसुद्धा त्यांच्या आईचं. आता कासवांवर एकवीस! एका वाचकानं तर कळवलं, रविवारी कुटुंबासह कासवं बघायला येतो. बाई काय करणार? शनिवारी जाऊन घेऊन आल्या. तीन. मी स्वतः पाहिलीत, न्हाणीघरात, निळ्या टबात. आणि पुढं ऐका, पाहुणे गेल्यावर सहज म्हणून बाईंनी कविता वाचली, तर मधल्या कासवानं घेतली की मान आत! बाईंनी फाडली. दुसरी वाचली, फाडली. आणि तुम्हाला सांगतो, पुढच्या अंकात बाईंची कविता पहिल्यांदा चांगली आली! अकरा वर्षं संपादकांना जे जमलं नाही, ते टबातल्या प्राण्यानं करून दाखवलं.

पाटीवाला तर त्याहून पुढचा. लोक बघायला यायला लागले म्हणून एका पायावर उभा राहायला लागला, शिडीवरून पडला, मनगटाला प्लास्टर, आणि प्लास्टर निघाल्यावर मलाच ऐकवतो, "दुसरा पाय टेकला ना, की रेघ खोटी येते. तुम्हाला नाही कळायचं ते." मला नाही कळायचं! मी तुला उभा केला रे त्या पायावर!

तर सांगायचं म्हणजे, दोघांची नावं झाली, अंक खपायला लागला, आणि मी एकच गोष्ट मागितली. गोष्टच मागितली. माझी एक गोष्ट, चौदा पानांची, नऊ वर्षं लिहितोय. माझ्या वडिलांची आहे. चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा हातानं घासल्या त्यांनी, अख्ख्या गावाला दिसायला लागलं ते त्यांच्या बोटांमुळं. शेवटी त्यांना स्वतःला काही दिसेना. मी जवळ बसलो, तर हात पुढं करून त्यांनी माझ्या चष्म्याची काच चाचपली आणि म्हणाले, "ही माझी नाही." नव्हतीच. यंत्रावरची होती, मी दुसरीकडून आणली होती. एवढीच गोष्ट. जन्मात कासव न घालता लिहिलेली एकमेव.

संपादक म्हणाले, "पुढच्या अंकात. शब्द दिला." मी घरी सांगितलं, बायकोनं तिच्या बहिणीला सांगितलं, मेहुणीनं अख्ख्या इमारतीला सांगितलं. अंक आला. बायको पानं उलटतेय, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग शेवटापासून पहिल्यापर्यंत. "अहो, चिकटलीत का पानं?"

नाहीत. नाहीच आहे गोष्ट! आणि तिथं काय आहे? शेवटचं पान होतं एक, त्याची झालीत चार! बाई म्हणे, दोन ओळींत माझी कासवं मावत नाहीत. पाटीवाला म्हणे, माझ्या पायाचं चित्र घाला. घातलंय! पाऊण पान पाय आहे! आणि मला काय सांगितलं? जागेचा प्रश्न होता.

बरं, तेही गिळलं असतं. पण त्या चार पानांत मीसुद्धा आहे. गोष्ट नाही, पण गोष्टीचा लेखक आहे! परिचय आधीच छापायला गेला होता, त्याचं प्रूफ या खेपेला मला दाखवलंच नाही. आणि तो लिहिला कुणी? स्वतःचा परिचय स्वतः कसा लिहायचा म्हणून मी मोठ्या विश्वासानं या दोघांवर सोपवला होता. मनात म्हटलं, एखादा पोपट देतील. निदान लाकडी पाय? तुम्हाला सांगतो, वाचून दाखवतो, पाठच आहे : 'चष्म्याच्या दुकानात नोकरी. विवाहित. आवड : वाचन.'

आवड वाचन! मी यांना कासवं दिली हो... कासवं!

बाईंना विचारलं, तर म्हणतात, "खरं तेच लिहिलं. तुमच्याबद्दल खोटं लिहायला हात होईना." पाटीवाला एका पायावर मान हलवतोय. याला काय म्हणायचं?

आता शपथेचं. कासवं खरी, पाय खरा, मेहुणी तर फारच खरी. पदरचं तेवढं 'जागेचा प्रश्न'. तसं कुणी बोललंच नाही. संपादकांनी गोष्ट वाचली, दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, मीच बसवून दिलेला, आणि म्हणाले, "वाईट नाही हो. पण ते काच ओळखण्याचं... खरं वाटत नाही. असं करा ना, वडिलांना एखादं कासव द्या."

मी गोष्ट परत घेतली. घरून कुणी विचारलं तर जागेचा प्रश्न होता असं सांगा, हे मीच त्यांना म्हटलं. जागा होती हो. चार पानं या दोघांनी पसरून भरली, तरी एक उरलंच. सत्तेचाळिसावं. कोरं आहे, वर छापलंय 'वाचकांच्या नोंदींसाठी'.

या अंकाचे उरलेले गठ्ठेही पलंगाखालीच आहेत. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा घरी येऊन एकेक प्रत घेतो आणि त्या पानावर गोष्ट उतरवतो, बारीक अक्षरात. एकोणीस प्रती झाल्या. बायको शाई वाळवून देते. सगळं नीट बसतं, दुकान, काचा, वडिलांची बोटं... हात पुढं करतात तिथं पान संपतं. ते काच चाचपतात, ते काही बसत नाही.

जागेचा प्रश्न आहे.