ण बाणाचा, ण मण्याचा

पिंपळगावहून नाशिकला निघालेल्या बसमध्ये चिंतामणरावांचा डोळा लागतच होता, तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला.

“जहिदाताई, मग ‘ण बाणाचा’ खरंच काढून टाकायचा?”

निवृत्त मास्तरांची झोपच उडाली. जन्मभर त्यांनी बाणच शिकवला होता.

“टाकाच, मॅडम. आमच्या पोरीनं, फलकनं बाण बघितलाय कुठं? पहिलीचा तक्ता शाळा अन् पालक मिळून करतोय ना, मग शब्द आपल्या गावचे घ्या. मी म्हटलंच होतं, ‘ण मण्याचा’.”

“म्हणून तर मण्यांची माळ काढली मी. पोरं काय खूश झाली!”

“खूश कसली, हसत होती! आमच्याकडं मणी म्हणजे द्राक्षाचा मणी. फलक घरी येऊन विचारते, अम्मी, द्राक्षं दोऱ्यात ओवली तर रस नाय का गळणार?”

“अगं बाई! आणि मी उगाच फुशारले!”

“आता घड काढा. मणी आम्ही आया रंगवतो.”

“चालेल. आणि ‘ळ’ला? बाळ?”

“बाळ म्हटलं की पहिलीतली पोरं चिडतात. आम्ही काय बाळ हाय का, म्हणतात.”

“कमळ?”

“ते तरी कुठं बघितलंय त्यांनी?”

चिंतामणरावांना राहवेना. ते गर्रकन मागे वळले.

“अहो, नाशिकच्या पोरांना शब्द शोधताय ना? ‘ळ मिसळीचा’ घ्या!”

दोघी खळखळून हसल्या.

“वा काका! मास्तर का तुम्ही?”

“हो. तो बाणवाला.”