सोळा पाट

—म्हणून मी तापीच्या राजघाटावर गुडघाभर पाण्यात उभी राहून महादेवाला म्हटलं होतं, देवा, यांची बदली टळू दे, आम्हाला बऱ्हाणपुरातच राहू दे, मी सोळा सोमवार करीन आणि सतराव्या सोमवारी सोळा सवाष्णी माझ्या घरात एका पंगतीला जेवायला बसवीन. परवा तोच सोमवार, उखर्डूभाऊ. म्हणून तर दार वाजलं तशी धावत आले — मला वाटलं, शाळेतला शिपाईच आला पाट परत घेऊन. निघालात तुम्ही! बसा ना, उभे का? सुताराला बसायला सांगायचं आणि घरात खुर्ची नाही, कारण खुर्च्या सुताराकडेच अडकल्यात — तिथे उंबऱ्याशी बसा, ऊन येतं छान. पाणी घ्या. तुम्हाला आठवत असेल, गेल्या साली नवं राज्य झालं, नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, आणि मास्तरांच्या याद्या निघायला लागल्या — हा बुलढाण्याला, तो रीव्याला. रीवा कुठे ते आमच्या शोभानं नकाशात दाखवलं, तर बऱ्हाणपुरावर अंगठा ठेवला तरी करंगळी पोचेना तिथवर. पलीकडच्या उषावहिनींचं बिऱ्हाड असंच उठलं, तुळस कुंडीसकट माझ्या दारात ठेवून गेल्या बिचाऱ्या. आणि आमचे हे तर मराठी शिकवणारे, यांना कोण ठेवतंय इथे? पण ठेवलं. ज्येष्ठात कागद आला — जागेवर कायम. हे म्हणाले, वरच्या साहेबांनी केलं. मी म्हटलं, हो, अगदी वरच्या.

आता सोळा सवाष्णी म्हणजे सोळा पाट, आणि घरात पाट एकच — तो, देव्हाऱ्याखाली आहे ना, माझ्या लग्नातला. मग मी काय केलं, दर सोमवारी एका घरी जायचं आणि पदर पसरायचा — बाई, तुमच्या घरातला एक पाट द्या, उद्यापनाला तुम्हीच त्याच्यावर बसायचं, जेवायचं, आणि जाताना आपला पाट घेऊन जायचं. कोणी नाही म्हटलं नाही हो! शाहपुरहून केळी घेऊन येते ती भागाबाई, तिनं दिला — गरम पातेलं ठेवून खालून गोल डागलेला, पण दिला. कोकिळाबेननं दिला, त्यांच्या गुजराथीत खाली अक्षर कोरलेला. मालूबाईचा नवरा नेपानगरला कागदाच्या कारखान्यात लागलाय, तिच्या पाटाला खालून हिरवा रंग — तिकडचा उरलेला असणार, आपण विचारू नये. एक तर हिंदी बोलणारी नवी बिऱ्हाडकरू आलीय कोपऱ्यावर, ती म्हणाली, 'दीदी, मेरे यहाँ तो पाटा ही नहीं,' आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरचा घेऊन आली! पंधरा सोमवार, पंधरा घरं, पंधरा पाट. माळ्यावर रचून ठेवले होते, वर जुनं लुगडं झाकून. मग दापोऱ्याला गेले, धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, सोळावा सोमवार तिकडेच केला, आणि गुरुवारी परत येऊन बघते तर — हे टेबल.

काम तुमचं चांगलं आहे, मी काही नावं ठेवत नाही. पण तुम्हीच सांगा, दोन खणांचं आमचं घर, तीन माणसं, त्यात हे एवढं टेबल कशाला? गुरुवारपासून मी भिंतीला घासून कडेनं चालतेय, खेकड्यासारखी. जेवायला बसावं तर — खुर्च्या नाहीत तोवर हे ट्रंकेवर बसतात, शोभा डब्यावर, आणि मी? मी वाढते. चार खुर्च्या सांगितल्यात ना तुम्हाला? मग चौथी कोणाची? तर साहेबांची. उद्या रविवारी यांचे नवे साहेब येणार जेवायला, भोपाळकडचे, त्यांना म्हणे खाली बसवत नाही. मी म्हटलं, एका माणसाच्या गुडघ्यासाठी आख्खं घर उठवायचं? हे म्हणाले, 'तुला समजत नाही, आता नव्या राज्यात राहायचंय, सबसे मिलजुलके रहना पड़ेगा, चार लोक जसे जेवतात तसं जेवायचं.' बरं, जेवू. मी हसले सुद्धा. मनात म्हटलं, पंधरा घरच्या पंधरा जणी येणार आहेत, त्यांच्यात सोळावी होऊन मिळूनमिसळूनच तर बसणार आहे मी. पण नाही बोलले. नवस चालू असताना वाद घालू नये. गादी घालायला जागा नाही म्हणून शोभा आता टेबलाखाली निजते — तिला मजा वाटते, 'माझं घर' म्हणते.

आणि पाट? विचारलं ना मी, गुरुवारीच विचारलं. माळा रिकामा, लुगडं तेवढं घडी करून ठेवलेलं — घडी यांना येत नाही हो, बोळा करून कोंबतात एरवी. तर म्हणाले, शाळेत कार्यक्रम होता, पाहुण्यांना बसायला नेलेत, शनिवारी परत येतील. आज शनिवार. म्हणून तर... असो. तुमचं काम काय होतं? मीच बोलत सुटले. काय? थोडी फळी कमी पडतेय? एका खुर्चीच्या बैठकीला? मग यांना सांगा, मला काय विचारता, मी कुठून फळी आणू—

कोणता पाट?

नाही, तो नाही मिळायचा, तो माझ्या लग्नातला, त्याच्यावर देवीचं तबक असतं. मास्तर म्हणाले 'तो सोळावाही घेऊन जा' — असं म्हणाले? सोळावाही? उखर्डूभाऊ, 'ही' कसा? सोळावा तुम्ही म्हणताय, तर पंधरा तुम्ही कुठे मोजलेत?

अहो, टेबलाकडे काय बघताय?

टेबलावर हे मेणकापड इतक्या चुका मारून का बसवलंय, हे मी गुरुवारपासून बघतेय. मला वाटलं, डाग पडू नयेत म्हणून. थांबा, उठू नका तुम्ही. मी बघते. मी वाकते, मला सवय आहे वाकायची — शोभाची गादी जरा सरकवते... हं. थोडा अंधार आहे खाली. खालून नाही रंधा मारलात तुम्ही. बरोबर आहे, खालून कोण बघतंय.

हा डाग. गोल. हा भागाबाईचा.

हा कोकिळाबेनचा — अक्षर अर्धं राहिलंय, अर्धं कापलंत. हिरवा... हा हिरवा मालूबाईचा. हा कोणाचा — हा त्या कोपऱ्यावरच्या हिंदीवालीच्या बहिणीचा, तिचा तर नव्हताच, तिनं मागून आणलेला. तीन आडवे, चार उभे, बारा झाले, बाकीचे तीन कुठे गेले? कडेच्या पट्ट्यांना? बरं. आणि खालचे ठोकळे काढलेत सगळ्यांचे, ज्यांच्यावर पाट उभा राहतो ते. ते काय केलेत, जळणाला?

ओरडत नाहीये मी, उखर्डूभाऊ. बघा, माझा आवाजसुद्धा चढत नाही. तुमच्यावर तर मुळीच नाही, तुम्हाला माल आणून दिला, तुम्ही जोडलात. एवढंच सांगा, खरं सांगा — देताना काय म्हणाले हे? 'जुने आहेत, पडून आहेत,' असंच म्हणाले असतील ना? की कोणाकडून आणलेत म्हणाले? ... काय?

पुन्हा सांगा.

'बाईनंच दिलेत काढून.' बाईनंच. म्हणजे मी. मी दिले काढून.

आता बघा हं, पाट नेले ते एक वेळ... पुरुषांना नाही कळत, लाकूड दिसतं त्यांना, सागाचं वाळलेलं लाकूड, साहेब यायचेत, घाई. ते मी गिळलं असतं. यांच्याच नोकरीसाठी नवस, यांच्यासाठीच टेबल, मी म्हटलं असतं, जाऊ दे, गंगेलाही महादेवाच्या जटेतून वाट काढावी लागलीच. पण माझं तोंड कशाला वापरायचं? मी दापोऱ्याला बाळंतिणीची धुणी धुतेय, सोळावा सोमवार करतेय, आणि इकडे माझ्या नावानं तुमच्या दुकानात कोणी 'हो' म्हणतंय! आणि हिला — शोभाला माहीत होतं, बरं का. काल निजताना खालून म्हणाली, 'आई, माझ्या घराला भागाआजीचा चंद्र आहे.' मी म्हटलं, काय बडबडते. हे एकदम खेकसले तिच्यावर, झोप म्हणून. नऊ वर्षांची पोर. तिलाही शिकवून ठेवलं, आईला सांगायचं नाही. मी विचारलं का पुन्हा? नाही विचारलं. आणि शाळा काय लांब आहे? दोन गल्ल्या. जाऊन विचारता आलं असतं, कार्यक्रम कसला होता, पाट कुठे आहेत. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, मी चुरम्याची कणीक भाजत बसले. तुम्हाला सांगायला नको होतं हे, पण — माळ्यावर ती घडी बघितली तेव्हाच समजलं होतं, काहीतरी झाकायचंय म्हणून एवढी नीट घातलीय. बायको घडी ओळखते हो. ओळखून गप्प बसले. वाटलं, विचारलं नाही तर शनिवारी खरोखरच शिपाई येईल.

काय म्हणता? सोडवून देता? आत्ता? नको, नको. हात लावू नका. सरस लावलाय, कडा तासल्यात, सोडवलेत तर फळ्या निघतील, पाट नाही निघायचे. आणि साहेबांना उद्या बसवायचं कुठे? साहेबांचा काय दोष, ते जेवतील. वरण-भात, भाजी, सगळं करीन. उद्या जेवण झालं की हे टेबल अंगणात काढायला एक बाजू मास्तरांनी धरावी, एक साहेबांनी धरावी, चांगले मिळूनमिसळून राहतील दोघं.

सोमवार? सोमवार होणार. न व्हायला काय झालं? घोंगड्या आहेत, जमीन आहे. पण त्याआधी, आज, दिवस आहे तोवर मला पंधरा घरं फिरायचीत. मी शाळेवर नाही ढकलणार. हरवले म्हणणार नाही. सांगणार, बाई, तुमचा पाट माझ्या घरात कापला गेला, माझं नाव पुढे करून कापला गेला, आणि मला माहीत नव्हतं. ऐकून यायचं तर या. कोकिळाबेन रडेल. भागाबाई शिव्या देईल, तिच्या शिव्या म्हणजे — तुम्हाला माहीतच आहेत, बाजारात ऐकल्या असतील. देऊन झाल्या की विचारील, चुरमा किती केलास? ती येईल. मला वाटतं, सगळ्या येतील. आणि मास्तर आज घरी आले की मी भांडणार नाहीये. एकच सांगणार आहे, आजपासून हा माझा नवा नेम — माझं हो असेल तर मीच म्हणेन, नसेल तर मीच नाही म्हणेन, माझ्या नावानं तिसरं कोणी बोलायचं नाही. नवऱ्यानंही नाही.

तो लग्नातला पाट तिथेच राहू द्या. खुर्चीची बैठक दुसऱ्या कशाची तरी करा, नाहीतर तीनच करा. उठा आता, मलाही निघायचंय, भागाबाई बाराला बाजार आटोपते. पण जायच्या आधी तुम्हीही एक नेम घ्या, उखर्डूभाऊ. उपास नको, फूल नको. तुमच्या दुकानात कोणी पुरुष घरातली वस्तू घेऊन आला, आणि म्हणाला बायकोनं दिलीय, तर रंधा खाली ठेवायचा, चार पावलं चालून त्या घरी यायचं आणि त्या बाईला तोंडावर विचारायचं. मग लाकडाला हात लावायचा. एवढंच. मी माझा नेम मोठ्यानं म्हटला ना तुमच्यासमोर? तसाच तुम्हीही म्हणा.

नाही, मान नका हलवू. म्हणा.