दगडावरची रसिका

कांचन : हे दुकान नेमकं कसलं आहे, विनिता? हाताला लागतंय ते सगळं थंडगार आहे.

विनिता : दगडांचं, आई. ग्रॅनाइटच्या फरश्या. निनाद त्यांच्यावर लेझरने फोटो काढतो.

कांचन : कुणाचे?

निनाद : सगळ्यांचेच, काकू. देवांचे, घराच्या पाट्या... तुमच्या अवधपुरी कॉलनीतल्या अर्ध्या गेटांवर माझीच पाटी असेल.

कांचन : आणि बाकीचे फोटो?

निनाद : ते... आजी-आजोबा लोकांचे.

कांचन : गेलेल्यांचे, असं म्हण ना. चाचरतोस काय? वा विनिता! सासूला रिक्षात घालून अशोका गार्डनच्या बाजारात आणलीस ती थेट समाधीच्या दगडांपाशी? अगं, थोडं थांबायचंस तरी.

निनाद : काकू एकदम खतरनाक आहेत, वहिनी.

विनिता : तुमचा नाही काढलेला, आई. हिचा काढलाय. माझ्या कडेवरच्या रसिकाचा.

कांचन : सात महिन्यांच्या पोरीचा? दगडावर? बुद्धी कुठे ठेवलीस?

विनिता : तुम्ही तिच्या चेहऱ्याला हात लावत नाही ना, म्हणून.

कांचन : लावला होता. माझं नख तिच्या डोळ्यात गेलं. कळवळून रडली होती. विसरलीस?

विनिता : डोळ्याला काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की. पण त्या दिवसापासून तुम्ही तिला मांडीवरसुद्धा घेत नाही. ती सारखी तुमच्या आवाजाकडे मान वळवते, आणि तुम्ही आपले हात पदरात गुंडाळून बसता.

कांचन : डोळे गेलेल्या माणसाने तान्ह्या बाळाला हाताळू नये. एवढंच.

विनिता : मग दगडाला हाताळा. दगड काही रडत नाही. हवं तेवढं दाबा, चाचपा. पण माझी मुलगी कशी दिसते ते तुम्हाला कळू दे हो, आई.

कांचन : ...कुठे आहे?

निनाद : टेबलावरच आहे, काकू. हा फडका काढतो. हं, द्या हात.

विनिता : निनाद! हे काय आहे कडेने?

निनाद : काय ते? ...अरे बाप रे.

कांचन : काय झालं?

विनिता : काही नाही, आई.

निनाद : वहिनी, कसम से, लक्षातच नाही आलं माझ्या...

विनिता : हळू बोल!

कांचन : मला दिसत नाही. ऐकू चांगलं येतं. सरका दोघं. ...हे नुसतं खरखरीत आहे. इथेही तसंच. रव्याच्या ताटात हात फिरवल्यासारखं. चेहरा कुठे आहे यात?

विनिता : तुमच्या बोटांखालीच. तो गाल आहे तिचा.

कांचन : असेल. मला नाही लागत गं.

विनिता : जरा वर घ्या ना. तिथे डोळा... त्याच्या खाली...

कांचन : रडू नकोस, विनिता.

विनिता : नाही रडत.

कांचन : थांब, हे काय? हे गोल गोल? हे लागतंय बोटाला. एकाला लागून दुसरं... फुलं आहेत का?

विनिता : आई, तिकडे नको.

कांचन : झेंडू. खालपर्यंत गेलाय. माझ्या नातीच्या फोटोला हार घातलास, मुला?

निनाद : पाया पडतो, काकू. बहोत बडी गलती झाली. कॉम्प्युटरमध्ये माझा साचाच तसा आहे. आलेला फोटो त्यात टाकला की हार आपोआप येतो. इथे येणाऱ्या प्रत्येकाला तोच लागतो हो. बाळाचा फोटो आजवर आलाच नव्हता कधी. फरशी फोडूनच टाकतो आत्ता.

विनिता : माझंच चुकलं. काय डोक्यात घेतलं मी! चला आई, घरी जाऊ.

कांचन : बस खाली. निनाद, मला एक सांग. हार कसा कळला मला?

निनाद : म्हणजे?

कांचन : चेहरा नाही कळला. हार कळला. पाकळीन् पाकळी. असं का?

निनाद : फोटो बारीक ठिपक्यांचा असतो ना, काकू. लेझर फक्त दगडाची वरची चमक उडवतो. डोळ्यांना त्यात चेहरा दिसतो, बोटांना सगळं सारखंच लागतं. हार मात्र रेघांचा आहे. एकाच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरवला की ती खोल जाते.

कांचन : मग हाराला जे केलंस ते माझ्या नातीला कर.

निनाद : होईल की! पण फोटोतल्या सगळ्या रेघा घेतल्या तर परत खिचडी होणार. मोजक्याच घ्याव्या लागतील. कुठल्या घेऊ?

कांचन : ते तिची आई सांगेल. बोल, विनिता. कपाळ?

विनिता : मोठं आहे. पुढे आलेलं.

कांचन : माझ्या प्रतीकचं, बापाचंच घेतलंय. घे रे ती रेघ. नाक?

विनिता : बसकं. बटणासारखं.

कांचन : ते आमच्याकडचं नाही.

विनिता : आई!

कांचन : खरं ते सांगितलं. भुवया?

विनिता : नसल्यासारख्याच आहेत.

कांचन : मग सोड त्या. उगाच गर्दी नको. कान?

विनिता : डावा जरा बाहेर आलाय. झोपेत मी रोज दाबते तो, पण राहतच नाही आत.

कांचन : नको दाबूस. माझाही तसाच आहे. निनाद, डावा कान नीट काढ हं. आणि हनुवटी?

विनिता : एक नाही, दोन आहेत.

निनाद : दोन्ही घेतो, वहिनी. चांगली फरशी घेतो आणि साचा बंद करून नवीन फाइल उघडतो. तुम्ही माझ्या शेजारी उभं राहून बघा.

(मशीन घरघरत राहतं. बऱ्याच वेळाने थांबतं.)

निनाद : धूळ पुसू द्या. हं, आता या. काकू, हार नाही. वहिनींनी दोनदा बघितलंय.

कांचन : हे कपाळ. अगं, केवढं हे! हा कान. ...माझाच गं. हे बटण. आणि ही रेघ वर का गेलीय?

विनिता : ते तोंड आहे. हसतेय ती फोटोत.

कांचन : अशी हसते?

विनिता : तुमचा आवाज आला की.

निनाद : काकू, बाळाला पण बघायचंय. वहिनींच्या कडेवरून खाली झुकतेय, पडेल हं.

विनिता : थापा मारायच्यात तिला दगडावर. अगं, हळू!

कांचन : हा तिचा हात? अरे, माझं बोट धरलं हिने. विनिता, सोडव.

विनिता : मी नाही सोडवणार.

कांचन : तोंडात घालतेय ती! लागेल तिला काही...

विनिता : तिनेच घेतलंय. रडतेय का? बघा.

कांचन : नाही रडत. चावतेय. नुसत्या हिरड्यांनी... थांब. थांब हं, सोने. विनिता, हे काय आहे?

विनिता : काय?

कांचन : खाली, मधोमध. कणीएवढं. टोचतंय बोटाला. अगं, दात आलाय हिला!

विनिता : दात? सकाळीच तर तोंड पुसलं मी. कुठे? मला तर काहीच दिसत नाही.

कांचन : तुला नाही दिसणार इतक्यात. दे तिला इकडे, माझ्या मांडीवर. मी दाखवते.