पंपाचा हलका हात

(जोह्यातला गणपतीचा कारखाना. मैना स्प्रे-गननं मूर्तीला रंग मारते आहे. तिचे सासरे बाबाजी आणि मुलगी सरू पेणच्या दवाखान्यातून नुकतीच परतली आहेत.)

मैना : आणि पंप? दम्याचा पंप बंद करायला सांगितला ना?

बाबाजी : आधी ती रंगाची गन बंद कर गो. मला माझंच ऐकू येत नाय.

मैना : केली. बोला आता.

सरू : मी सांगते! डॉक्टर म्हणाले, पंप कसा घेतेस ते दाखव. मी दाखवला. तर ते एवढे हसले, की सिस्टरला बोलावून म्हणाले, पुन्हा दाखव.

मैना : हसायला काय झालं?

सरू : तू शिकवलंस तसाच घेतला. तोंडापासून वीतभर लांब धरायचा, हात डावीकडून उजवीकडे न्यायचा आणि फुस्स!

बाबाजी : मला विचारतो, "आजोबा, धंदा काय तुमचा?" म्हटलं, गणपतीचा कारखाना. तर म्हणतो, "वाटलंच."

मैना : गन जवळ धरली की रंग ओघळतो, हे तुम्हीच शिकवलंत मला.

बाबाजी : गणपतीच्या सोंडेवर गो! पोरीच्या घशात कुठला ओघळ?

सरू : माझ्या नाकाला औषध, गालाला औषध. छातीत काहीच नाही.

बाबाजी : म्हणून तर तुझ्या नाकाला दमा नाय.

मैना : हसा. मला कळत नव्हतं असं नाय. औषध थोडं कमीच जावं, म्हणून लांब धरायला लावला.

बाबाजी : म्हणजे मुद्दाम?

मैना : व्हय, मुद्दाम. माझा मामेभाऊ काळुराम विसरलात? दम्याच्या गोळ्या खाऊन खाऊन तोंड भोपळ्यासारखं सुजलं आणि उंची होती तिथंच राहिली. लग्नात नवरीच्या बरोबरीला यावा म्हणून दोन पाटांवर उभा केला होता त्याला. आणि हिची जीभ बघा, पांढरी फटक. तेही पंपानंच ना?

सरू : ते मी विचारलं. पंपानंच.

मैना : बघा!

सरू : पंप घेतल्यावर चूळ भरली नाही तर. तू कधी भरायला लावतेस का?

मैना : ...ते राहिलंच.

बाबाजी : जिभेला थेंब दिलेत. आणि काळुरामचंही मी विचारलं, नावानिशी.

मैना : काय म्हणाले?

बाबाजी : म्हणाले, गोळी सगळ्या अंगात फिरते. पंपातलं औषध चिमूटभर, तेही नेमकं छातीत. उंचीला जरासा फरक पडू शकतो, ते त्यानं लपवलं नाय. म्हणून दर खेपेला हिची उंची मोजणार. पण तुझा हलका हात असाच चालला, तर एखाद दिवशी पोरीचा दम कोंडेल. मग गोळ्याच द्याव्या लागतील.

मैना : काळुरामच्या?

बाबाजी : त्याच.

मैना : अगो बाई. ज्याला भ्यायले, त्याच्याच दारात नेत होते की पोरीला.

सरू : आई, रोह्याला खो-खोचे सामने आहेत. मागच्या वेळी मी नुसती तिथल्या नदीवरच्या अष्टमीच्या पुलावरून चालत गेले, तरी धाप लागली. मैदानात बसूनच राहिले. आमच्या संघातली शकू मला म्हणाली, "तू पाण्याच्या बाटल्या सांभाळ."

मैना : हे मला नाय सांगितलंस कधी.

सरू : पंपाचा उपयोगच नाही म्हणून तू तो बंद केला असतास.

बाबाजी : ही घे डॉक्टरनं दिलेली नळी. पंप हिच्या एका टोकाला, तोंड दुसऱ्या टोकाला. मध्ये वारा नाय, हात हलवणं नाय. आणि गन चालू असताना सरूनं कारखान्यात पाऊल टाकायचं नाय, ते वेगळं. चला, अंगणात.

सरू : आई, तू धर. बघू जमतंय का.

मैना : अशी? नळी ओठांत घट्ट धर. दाबू?

बाबाजी : दाब. सरू, सावकाश आत घे... अजून... आता धरून ठेव. शाब्बास. खो मिळेपर्यंत रांगेत बसतात ना, तशी. हलायचं नाय... बस्स. सोड आता.

सरू : हुश्श! जमलं! चूळ भरून येते!

बाबाजी : मैना, तू पण सोड गो श्वास.